रोज एक फ्रेम

फिल्म दुरुस्तीच्या कामात एक साधा नियम आहे. फ्रेम फाटली असेल तर ती कापायची, दोन्ही टोकं जोडायची आणि विसरून जायचं. सेकंदाला चोवीस फ्रेम धावतात. त्यातली एक गेली तर डोळ्यांना पत्ताही लागत नाही. वीस वर्षं तिनं हेच केलं होतं, त्यामुळे आईच्या रिळाशीही तिचे हात सवयीनंच वागले.

आई प्रयोगशील कलावंत; आत्याच्या शब्दांत सांगायचं तर रिकामटेकडी. नऊ वर्षं ती रोज दुपारी बाराच्या ठोक्याला एकाच खुर्चीवर, एकाच भिंतीपुढे बसली आणि स्वतःची एक फ्रेम घेत गेली. दिवसाला एकच. पडद्यावर नऊ वर्षं सव्वादोन मिनिटांत संपत. इतक्या काळानं एका संग्रहालयाला त्याचं मोल कळलं आणि रीळ डागडुजीसाठी लेकीच्याच टेबलावर आलं. सोबत आईची वही होती. तीत प्रत्येक फ्रेमची तारीख आणि त्या दिवशी घरात काय घडलं, ते एका ओळीत लिहिलेलं.

पहिल्याच वर्षातली एक फ्रेम कडेला फाटली होती. तिनं ती कापली, मग तिला चुटपुट लागली. इथे एक फ्रेम म्हणजे एक अख्खा दिवस. वहीत पाहिलं तर, ‘आज हिनं निळी फुलदाणी फोडली.’ तिला हसूच आलं. तेव्हा खाल्लेला धपाटा अजून पाठीला आठवत होता.

संध्याकाळी आईकडे गेली, तर कपाटात निळ्या फुलदाण्या दोन.

“ही दुसरी कुठली गं?”

“पहिली फुटली म्हणून दुसऱ्या दिवशी बाबांनी नाही का आणली?” म्हणता म्हणता आईच गोंधळली. “पण ती तर कधी फुटलीच नाही. मग का आणली असेल त्यांनी?”

तिला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते निराळंच. लहान मूल घड्याळ उघडून बसतं ना, तशी ती दुसऱ्या सकाळी टेबलाशी बसली आणि रीळ सहाव्या वर्षापर्यंत फिरवलं. ती तारीख बघायला तिला वहीची गरज नव्हती.

त्या दिवशी सकाळी दहा वाजता बाबा गेले; दफन दुसऱ्या दिवशी झालं. ती चौदा वर्षांची होती, शाळेत होती, शेवटची भेटही झाली नाही. धावत घरी आली तेव्हा बारा वाजले होते आणि आई कॅमेऱ्यासमोर बसली होती. हे तिनं आईला कधीच माफ केलं नव्हतं.

भिंगाखाली ती फ्रेम स्वच्छ दिसत होती. आईचे हात मांडीवर, नजर समोर. कुठे ओरखडासुद्धा नाही. धडधाकट फ्रेमला पातं लावायचं नाही, हाही धंद्यातला नियमच. पण बाबा हवे होते. एकदा तरी हवे होते.

तिनं फ्रेम कापली, टोकं जोडली आणि फोन लावला.

“आई, बाबा आहेत घरी?”



“असं काय विचारतेस? त्यांना नेलं ना आपण.”

“गेले कधी ते?”

“तेच आठवत नाही बघ. नेलं तो दिवस लख्ख आठवतो. पेटी, फुलं, चार माणसं.” आईचा आवाज खाली गेला. “तुला कधी बोलले नाही मी. झाकण ठोकल्यावर आतून हाक आली. तुझ्या नावानं. सगळे म्हणाले, बाईचं डोकं फिरलंय.”

फोन तसाच ठेवून तिनं टाकाऊ तुकड्यांच्या टोपलीत हात घातला. कापलेला तुकडा सापडला. परत जोडता आला असता.

तो पारदर्शक होता. त्यावर आई नव्हती, खुर्ची नव्हती, भिंतही नव्हती.

तिनं भिंग जोडाच्या पुढच्या फ्रेमवर सरकवलं. मग त्याच्या पुढच्या. मग चाक फिरवतच राहिली, रीळ संपेपर्यंत.

तीन वर्षं, दररोज, आई दोन्ही हातांनी कान घट्ट झाकून बसली होती.