शंकेचा धनी

त्या वर्षी चिखलदऱ्याच्या तिरंदाजी केंद्रात कुणाचाच हात थरथरत नव्हता.

मुलंमुली रेषेवर ओळीनं उभी राहत, धनुष्य उचलत, दोरी हनुवटीपर्यंत ओढत आणि सोडून देत. पूर्वी याच मैदानावर स्पर्धेआधी काय काय चालायचं! कुणी गळ्यातल्या ताइताला हात लावायचं, कुणी ओठ चावून रक्त काढायचं, कुणी रेषेवर पाऊल ठेवता ठेवता पुन्हा मागे फिरायचं. आता ते सगळं थांबलं होतं. देशातल्या बहुतेक केंद्रांतल्या तिरंदाजांनी आणि नेमबाजांनी निःशंकन करून घेतलं होतं. ज्यांनी घेतलं नव्हतं, ते हळूहळू घरी गेले होते.

निःशंकन म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे. आपल्या मेंदूत, कपाळाच्या मागे थोड्या खोलवर, पेशींचा एक छोटा पट्टा असतो. आपण काहीही करत असलो तरी हा पट्टा आपल्यावर पाळत ठेवतो आणि ‘चुकलं तर?’ असं विचारत राहतो. दूध तापवताना, रस्ता ओलांडताना हा प्रश्न उपयोगी पडतो. पण बाण सोडण्याच्या क्षणी तोच प्रश्न बोटांपर्यंत पोचला, की बोटं केसभर उशिरा सुटतात आणि तिकडे लक्ष्यावर त्या केसभराचं वीतभर होतं. शास्त्रज्ञांनी या पट्ट्याला शंकाकेंद्र असं नाव दिलं होतं. डोक्याला एक मऊ पट्टी बांधायची, काही आठवडे रोज सौम्य विद्युतस्पंद द्यायचे, की शंकाकेंद्राची स्वतःकडे येणारी वाट बंद होई. बाकी माणूस होता तसाच राहतो, असं सगळ्यांना सांगितलं जात होतं.

दिगंबर खंडारे यांनाही तसंच सांगितलं होतं, आणि त्यांनी ते मानलं होतं. ते या केंद्राचे प्रशिक्षक. बायको वारल्यापासून केंद्राच्या आवारातच राहत. त्यांची सगळ्यात गुणी शिष्या केतकी इंगोले. धारणीजवळच्या गावातून ती आली तेव्हा बांबूच्या धनुष्यानं बाण मारायची. नजर अशी, की खंडारे सरांनी तिला पहिल्याच दिवशी ठेवून घेतलं. पण मन कच्चं. स्पर्धेच्या सकाळी हमखास ओकायची. प्रत्येक बाणाआधी मागे वळून विचारायची, “सर, जमेल ना?” सर मान हलवायचे, मग ती बाण सोडायची. राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत प्रशिक्षकांना मागे उभं राहू दिलं नाही. केतकीनं वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं. बाण लक्ष्याच्या बाहेर गेला.

त्यानंतर सरांनीच तिला नागपूरला डॉ. नीलांबरी देवस्थळींकडे नेलं. निःशंकनाचं विदर्भातलं काम त्याच पाहत. दोन महिन्यांनी केतकी परतली ती वेगळीच मुलगी होऊन. ताठ, शांत. तिनं पुन्हा कधी मागे वळून पाहिलं नाही. सरांना आनंद झाला, आणि थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

मार्चमधल्या एका सकाळी दरीकडून वाऱ्याचा झोत आला आणि केतकीचा बाण मधल्या पिवळ्या गोलाऐवजी निळ्यात घुसला. एरवी अशा वेळी तिरंदाज बाणाकडे बघतो. केतकीनं धनुष्य खाली घेतलं आणि सरांकडे पाहिलं.

“माझ्या धनुष्याला कुणी हात लावला होता?”

“कुणी नाही. वारा होता केतकी. झेंडा बघितला नाहीस का?”

“वारा मला कळतो सर.” तिचा आवाज जराही चढला नव्हता. “साइट हललेली आहे.”

साइट म्हणजे धनुष्यावरचं नेम धरायचं छोटं साधन. एका बारीक स्क्रूनं ते डावी-उजवीकडे सरकवतात. सरांनी ते तपासलं. जिथे असायला हवं तिथेच होतं. त्यांनी तसं सांगितलं. केतकीनं मान हलवली, पण धनुष्य त्यांच्या हातातून घेताना एकदा त्यांच्या बोटांकडे पाहिलं.

तिथून सुरुवात झाली. ती धनुष्य कुलपात ठेवू लागली. खोलीतली तिची जोडीदारीण बाणांची पिसं कुरतडते असं तिनं कार्यालयात सांगितलं. चौकशीत काही निघालं नाही, तरी ती मुलगी रडत दुसऱ्या केंद्रात गेली. मग केतकीनं मेसमधलं पाणी सोडलं. नळाचं स्वतः भरून प्यायची. विशेष म्हणजे या सगळ्यात तिचा राग कुठे दिसत नसे. संशय ती अशी बोलून दाखवायची, जणू उद्या सोमवार आहे असं सांगते आहे.

एका रविवारी तिची आई प्रमिलाताई डबा घेऊन आली आणि फाटकातूनच परत निघाली. खंडारे सरांनी तिला थांबवलं.

“काय झालं ताई?”

“सर, थे पोरगी माह्या हातचं खात नाही म्हनते,” प्रमिलाताई पदरानं डोळे पुसत म्हणाली. “लाडूत काही तरी घालतो म्हने मी. तिचा हात जड व्हावा म्हनून. पोटच्या पोरीले माय असं काहून करीन हो?”

दुसऱ्या दिवशी सर नागपूरला गेले. डॉ. देवस्थळींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, आणि हीच गोष्ट सरांना खटकली.

“तुम्हाला हे माहीत होतं,” सर म्हणाले.

“अशी काही मुलं पाहिली आहेत. मोजकीच.” डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. “असं बघा, चूक झाली की मेंदूत एक लहर उठते. चूकलहर म्हणू तिला. ती उठली की मेंदू कारण शोधायला निघतो. बहुतेक माणसांचा मेंदू आधी स्वतःचं दार ठोठावतो. माझंच काही चुकलं का? केतकीचं ते दार आपण बंद केलंय. पण लहर थांबत नाही. मग ती शेजारची दारं ठोठावते.”

“म्हणजे शंका गेलीच नाही?”

“गेली ना, तिच्याकडून गेली. दुसऱ्यांकडे गेली.”

“मग उघडा ते दार.”

“उघडता येतं. एका मुलाचं उघडलं होतं. कोंडलेली सगळी शंका एकदम आत आली. आता तो शर्टाची बटणं लावू शकत नाही. लावतो, काढतो, पुन्हा लावतो.” डॉक्टरांनी चष्मा काढला. “शिवाय केतकी सज्ञान आहे. तिची संमती लागेल. आणि आपलं काही बिघडलंय, असं तिला वाटेल कसं? ते वाटायचीच तर वाट बंद आहे.”

सर उठले. दाराशी पोचले तेव्हा डॉक्टर मागून म्हणाल्या, “एका केंद्रात एक मुलगी अशीच सगळ्यांवर संशय घ्यायची. पुढे तिथला एक साहाय्यक खरंच तिच्या बाणांशी खेळताना सापडला. त्या दिवसापासून ती शांत झाली. बाकी सगळ्यांशी नीट वागायला लागली. मेंदूला दोषी सापडला की तो शोधणं थांबवतो.”

“आणि खरा दोषी नसेलच तर?”

डॉक्टर खिडकीबाहेर बघत होत्या. “खरा की खोटा, हे त्या लहरीला कळत नाही, खंडारे सर. तिला एक माणूस लागतो.”

परतीच्या वाटेवर घाट चढेपर्यंत सर त्या वाक्याचा विचार करत होते. डॉक्टरांनी ते सहज सांगितलं की सांगायचंच होतं म्हणून सांगितलं, हे त्यांना ठरवता येईना. आपणही आता प्रत्येकाच्या बोलण्यात काही तरी शोधायला लागलो आहोत, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं.

केंद्रात पोचले तर केतकी त्यांचीच वाट बघत होती.

“सर, मी आईविरुद्ध पोलिसांत तक्रार देतेय. जागतिक स्पर्धेची निवड तोंडावर आली आहे. मला धोका पत्करायचा नाही. तुमची साक्ष लागेल.”

“केतकी, ती तुझी आई आहे.”

“म्हणूनच तिला सगळ्यात सोपं आहे ना.”

तिच्या चेहऱ्यावर द्वेष नव्हता, दुःख नव्हतं. डोळे तेवढे दमलेले दिसत होते, सतत पहारा देणाऱ्या माणसाचे असतात तसे. ही मुलगी झोपत नसावी, असं सरांना वाटलं. ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

“आईनं काही केलेलं नाही,” ते म्हणाले. “मी केलं.”

केतकीनं नजर त्यांच्यावर रोखली.

“साइटचा स्क्रू मी फिरवत होतो. त्या सकाळीही मीच फिरवला. पाण्याचं, पिसांचं, सगळं माझंच.”

“का?”

या प्रश्नाचा विचार सरांनी केलेलाच नव्हता. तरी उत्तर तोंडात तयार असल्यासारखं आलं. “तू जिंकलीस तर तुला माझी गरज राहणार नाही, म्हणून.”

केतकीनं दीर्घ श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले. कित्येक महिन्यांत सरांनी तिचा चेहरा इतका मोकळा पाहिला नव्हता.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “मला पहिल्यापासून माहीत होतं.”

मग ती मैदानावर गेली आणि अंधार पडेपर्यंत बाण मारत राहिली. सर कार्यालयाच्या पायरीवरून बघत होते. एकही बाण पिवळ्याच्या बाहेर गेला नाही.

खंडारे सरांनी राजीनामा दिला. केंद्राची बदनामी नको म्हणून प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं नाही, पण बातमी सगळीकडे गेली. इतक्या वर्षांत त्यांनी घडवलेल्या मुलांपैकी कुणाचा फोन आला नाही. ते परतवाड्याला बहिणीच्या रिकाम्या घरात राहायला गेले. केतकीनं आईची माफी मागितली आणि तिच्या हातचे लाडू खाल्ले, हे त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं. त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी शिरा केला.

त्या वर्षी केतकीनं जागतिक सुवर्ण जिंकलं. पत्रकारांनी मनोबलाचं रहस्य विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “ज्यांच्यावर सगळ्यात जास्त विश्वास होता, त्यांनी घात केला. तेव्हापासून मला कशाची भीती वाटत नाही.” एखादा बाण चुकला तर ती अजूनही म्हणायची, की खंडारे सरांनी लावलेली खोड आहे, जाईल हळूहळू. दुसऱ्या कुणाला ती बोल लावत नसे. तिच्या मैत्रिणी झाल्या होत्या. ती हसायला लागली होती.

डॉ. देवस्थळींचा फोन पावसाळा संपता संपता आला. कबुलीनंतर सरांनी फक्त त्यांनाच सगळं सांगितलं होतं. केतकीच्या आईलासुद्धा कधी खरं सांगू नका, अशी ताकीदही त्यांनीच दिली होती.

“एक विचारायचं होतं,” त्या म्हणाल्या. “इतर केंद्रांतूनही तक्रारी वाढल्यात. आता प्रत्येक केंद्रात असा एक माणूस आधीपासूनच नेमायचं ठरतंय. दोष घेणारा. मुलांना अर्थात ते कळणार नाही. तुम्ही या लोकांशी बोलाल का? हे निभावतं कसं, ते सांगाल?”

सरांनी फोन ठेवला. निभावतं कसं, हे त्यांना सांगता आलं नसतं. त्यांचं स्वतःचं शंकाकेंद्र अगदी धडधाकट होतं.

दिवाळीनंतर एका दुपारी प्रमिलाताई दारात उभी राहिली. हातात डबा होता. सरांनी तिला आत बोलावलं, पाणी दिलं. तिनं रिकाम्या घरावरून नजर फिरवली.

“सर, मी अडानी बाई आहो,” ती म्हणाली. “पन मले एक समजते. तुमी असं करनारे मानूस नाही. पोरगी माह्यावर केस करनार होती, अन् त्याच दिवशी तुमी कबूल झाले. माह्यासाठी खोटं बोलले तुमी. मी कोनाले सांगत नाही. फक्त मले एकदा सांगा, की तुमी नव्हतं केलं. मंग मले झोप लागीन.”

तिच्यामागे उन्हात अंगण स्वच्छ दिसत होतं. कुणी ऐकायला नव्हतं. डॉक्टरांची ताकीद मोडून या एका माणसाला खरं सांगायला हरकत नव्हती. सरांनी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं.

आणि त्यांना ती मार्चमधली सकाळ आठवली. त्या दिवशी धनुष्य त्यांनीच बाहेर काढून ठेवलं होतं. रोजच काढायचे. साइट रोजच तपासायचे. त्या बारीक स्क्रूचा खरबरीतपणा बोटांना अगदी स्पष्ट आठवत होता. तो त्यांनी नुसता चाचपला होता का? की किंचित फिरवला होता, आपलं आपल्यालाच न कळता? राष्ट्रीय स्पर्धेत ते मागे नव्हते म्हणून केतकीचा बाण लक्ष्याबाहेर गेला होता, तो त्यांनी दुरून पाहिला होता. तो पाहताना त्यांना नक्की काय वाटलं होतं? आणि केतकीनं ‘का’ विचारल्यावर उत्तर इतकं पटकन कुठून आलं होतं?

महिनोन्महिने ते हे स्वतःला विचारत होते. रोज उत्तर थोडं थोडं बदलत होतं.

“सर?” प्रमिलाताई म्हणाली. “सांगा ना. नव्हतं केलं नं?”

“मला वाटतं, नाही,” सर म्हणाले. मग खाली बघून म्हणाले, “खात्री नाही ताई.”

प्रमिलाताई त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरची माया हळूहळू आटत गेली, आणि तिच्या जागी जे आलं ते सरांनी आधी केतकीच्या चेहऱ्यावर पाहिलेलं होतं. तिनं त्यांच्या बोटांकडे पाहिलं.

मग तिनं डबा जवळ ओढून घेतला, पदर सावरला आणि ती दाराबाहेर पडली.