उजवा हात, डावा कान

नोंद सापडली आणि नर्सच्या तोंडचं पाणी पळालं.

"अनाथ," तिने वाचलं. "बाई, आजोबांच्या नावापुढे अनाथ लिहिलंय. वडिलांचा रकाना कोरा."

शाळेच्या दफ्तरखोलीत टेबलावर दाखल मुलांचं जुनं रजिस्टर उघडं होतं. निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा पुसला. नर्स त्यांची जुनी विद्यार्थिनी. दुपारी तीनला कोर्टात शेवटची सुनावणी होती. तिचे आजोबा पणजोबांचे सख्खे पुत्र ठरले, तर राहत्या दोन खोल्या तिच्या अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या. नाही तर महिन्याभरात बाहेर. मनात शंका शिरली तशी वडिलांनी भिंतीवरचा आजोबांचा फोटोसुद्धा उतरवून घेतला होता.

दावा चुलतकाकांचा. ते समोरच पायावर पाय टाकून बसले होते.

"मी कधीपासून सांगतोय," काका म्हणाले, "माझ्या आजोबांनी दया येऊन परकं पोर सांभाळलं. संपला विषय."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, बाईंच्या मनात आलं.

"हेच वर्ष कसं काढलंस?" त्यांनी नर्सला विचारलं.

"पणजीच्या वहीवरून. त्यात घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा आहेत. नाती नाहीत, नुसती नावं. आजोबांची चौदा मार्च. जन्मसालात शाळेची सहा वर्षं मिळवली."

"वही कुठे असते?"

"माझ्या कपाटात, कुलपात," काका म्हणाले. "हिला एकदा दाखवली तेवढीच. मी जपली म्हणून राहिली."

"आणि हे रजिस्टर याआधी कुणी मागितलं होतं?"

शाळेचा कारकून चुळबुळला. "काकांनीच. गेल्या महिन्यात. दोन तास बसले होते. मी मध्ये जेवायला गेलो."

"बघायलाही बंदी आहे का?" काका म्हणाले.

बाईंचं बोट जन्मतारखांच्या रकान्यावरून खाली सरकत होतं. एक पान, दुसरं पान. मग त्यांनी भलतंच विचारलं.

"आजोबा अंगापिंडाने कसे होते गं?"

"बुटके. सगळे बुटुकराव म्हणायचे. दाराची कडी काढायला स्टूल लागायचं."

"पुढच्या दोन वर्षांची रजिस्टरं आणा," बाई कारकुनाला म्हणाल्या.

दीड वाजला. त्यातल्या पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्यात बाईंचं बोट थांबलं. त्यांनी ते पान तसंच झाकून ठेवलं.

"जुन्या हेडमास्तरांची रीत मला इथल्या म्हाताऱ्या शिपायाने सांगितली होती. आईबापांनी सांगितलेल्या वयावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पोराला उभं करायचं. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडता आला, की ते सहा वर्षांचं. जन्म लावायचा शाळा उघडण्याच्या दिवसाचा. कान नाही आला, तर पुढल्या वर्षी या." बाईंनी 'अनाथ' नोंदीचं रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. "बघ. सगळ्या शाळेचा जन्म एक जूनचा. एकटे तुझे आजोबा चौदा मार्चचे. तेही पानाच्या तळाशी, मोकळ्या राहिलेल्या ओळीत."

काकांचा वरचा पाय खाली आला.

"ही तारीख शाळेला कधी कळलीच नव्हती. ती एका वहीत होती आणि वही कुलपात. काका, शाई छान मिळवलीत, अक्षरही जमवलंत. त्या वर्षात खरी नोंद सापडेना, तेव्हा तुम्हाला रान मोकळं वाटलं. पण बुटुकरावांचा हात कानाला पोचायला दोन वर्षं जास्त लागली."

बाईंनी झाकलेलं पान उघडलं. आजोबांचं नाव. जन्म एक जून. वडिलांच्या रकान्यात काकांच्याच आजोबांचं नाव आणि शेजारी त्यांची सही. शेऱ्यात लिहिलं होतं: दोनदा परत पाठवला. यंदा कान धरला.

काका त्या सहीवर वाकले.

"मला वाटलं," ते हळूच म्हणाले, "खरी तारीख घातली तर कुणाला संशय येणार नाही."

"कारकूनसाहेब, दोन्ही रजिस्टरं घ्या. आपण कोर्टात चाललोय," बाई म्हणाल्या.

नर्सने फोन लावला होता.

"बाबा," ती म्हणाली, "आजोबांचा फोटो परत लावून घ्या."