बाळ कोणत्या कुशीवर झोपतं?

त्याच्या पणजोबांनी नाटक कंपनीच्या पेट्या वाहिल्या, आजोबांनी पडदे ओढले, वडिलांनी ते रंगवले. आणि तो, ज्याला सारे ठोक्या म्हणत, लाकूड व कापड यांतून राजवाडे उभारीत असे. अशाच एका राजवाड्याच्या खांबाला मी पहिल्या दिवशी टेकले, आणि खांबासकट त्याच्या अंगावर कोसळले.

"खांब कापडाचा आहे, बाईसाहेब."

"मग तसं लिहून ठेवावं!"

"लिहिलं असतं, तर तुम्ही पडला असतात का?"

त्याच्या पापण्यांवर भुसा होता... माझा राग तिथेच विरला.

मी बड्या घरची; हौसेखातर विंगेत संहिता धरून प्रॉम्प्टिंग करीत असे. माझ्या खुर्चीचा डगमगणारा पाय तो रोज नव्याने दुरुस्त करी – इतका वाईट सुतार तो खचितच नव्हता! तीन महिन्यांनी मी घरी सांगितले, लग्न करीन तर ठोक्याशीच.

"सुतार?" आई म्हणाली. "तालमीला येते. माणसं पाहते. मग हो की नाही, एकदाच सांगेन."

आईचे 'नाही' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

नाटकात एका मुलावर धनीण आणि मोलकरीण दोघी हक्क सांगत. मोलकरीण करणारी नटी आजारी पडल्याने त्या दिवशी ठोक्याच्या आईला, म्हणजे आमच्या कपडेपटाच्या मावशींना, उभे केले होते.

"बाळ कोणत्या कुशीवर झोपतं?" न्यायाधीशाने विचारले.

धनीणीने मान फिरवली. मावशी अडखळल्या. मी विंगेतून कुजबुजले, "उजव्या..."

त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"छे! डाव्या. उजवा कान ठणकायचा तिचा. मी गरम फडकं धरायचे, नि माझा अंगठा मुठीत घेऊन झोपायची."

नाटकातले बाळ मुलगा होता. लहानपणी उजवा कान ठणकायचा तो माझा!

संहिता माझ्या हातून गळून पडली. समोर पहिल्या रांगेत आई उठून उभी होती, पांढरीफटक.

"तू...?"

"हो, बाईसाहेब. मीच."

"तीन वर्षांची होती ही," आई कष्टाने म्हणाली. "माझ्यादेखत तुला 'आई' म्हणाली... त्याच दिवशी मी तुला कामावरून काढलं."

ठोक्याची हातोडी खाली आदळली. "म्हणजे मी आजीकडे रडत असायचो, तेव्हा तू हिला निजवत होतीस?"

"पोट होतं रे, राजा. दोन्हीकडे कशी असणार मी?"

तो माझ्याकडे पाहत राहिला – जणू प्रथमच.

"तुझी आई आम्ही नेली," आई त्याला म्हणाली. "आता माझी लेक तू ने. म्हणजे फिटलं."

"मी काय उसनी वाटीभर साखर आहे?" मी कडाडले. "जायचंच झालं, तर माझ्या पायांनी जाईन!"

"मग... जायचंय का?" ठोक्याने घोगऱ्या आवाजात विचारले.

मी त्याच्यासमोरून विंगेतून रंगमंचावर गेले, मावशींपुढे उभी राहिले, आणि ज्या शब्दापायी त्यांचे काम गेले होते, तो सर्वांसमक्ष, माझ्या आईच्या देखत, त्यांना परत केला.

"आई."