पाणसरड्याचं घर

बोटीवर परत जाण्याआधी सुशांतने बहिणीला सगळं कागदावर लिहून दिलं होतं. पिंजरा किमान चार फूट उंच हवा, कारण हा झाडावर राहणारा प्राणी. वरच्या फांदीपाशी ऊब, खाली पाणी, आणि पाणी इतकं की त्याला पूर्ण बुडी मारता आली पाहिजे. 'घाबरला की हा पाण्यातच उडी घेतो,' असं शेवटी लिहून त्याखाली त्याने दोन रेघा ओढल्या होत्या.

शशिकला नवीन पनवेलला राहायची आणि शाळेत विज्ञान शिकवायची. आईवडील गेले तेव्हा सुशांत अकरा वर्षांचा होता, ती तेवीसची. तिनेच त्याला वाढवलं, शिकवलं. तो मालवाहू बोटीवर इंजिनिअर झाला त्याला आता सात वर्षं झाली होती. दर खेपेला तो काहीतरी विचित्र आणायचा. त्र्याण्णवच्या नोव्हेंबरात त्याने बुटाच्या खोक्यातून हा पाणसरडा आणला. पोपटी रंग, हातभर शेपूट, मानेवर मऊ काटे आणि माणसासारखी थेट बघणारी तपकिरी नजर.

"सरडा काय आणतोस मेल्या!" शशिकला म्हणाली खरी, पण दुसऱ्याच दिवशी तिने आनंदा सुताराला बोलावलं.

जुन्या शोकेसचे कप्पे काढून आनंदाने ते मागच्या गॅलरीत उभं केलं. पुढे सरकती काच, दोन्ही बाजूंना बारीक जाळी. शशिकलाने पेरूच्या दोन जाड फांद्या तिरक्या बसवल्या. साठचा बल्ब पत्र्याच्या डब्यात लावून वर टांगला. खाली निळा प्लास्टिकचा टब, तोही नीट मोजून, बारा इंच खोल. शाळेतला एक जुना थर्मामीटर जाळीला अडकवला. डिसेंबरात सुशांत गेला तेव्हा पिंजरा तयार होता.

फक्त सरडा पाण्यात उतरेना.

तो वरच्या फांदीवर बसून खाली टबाकडे बघत राही. शशिकलाने पाणी बदललं, कोमट करून पाहिलं, टबात दगड ठेवले. नाकतोडे मात्र तो हातातून खाई. ते पकडून आणायचं काम विचुंब्याहून धुण्याभांड्याला येणाऱ्या भामाचं.

जानेवारीत एका सकाळी टबातलं पाणी कमी दिसलं. उडून गेलं असेल म्हणून शशिकलाने तिथे पेन्सिलीने खूण केली. शाळेतून आली तर पाणी खुणेच्या तीन बोटं वर होतं.

"तू घातलंस का गं पाणी?"

"मी कशाला घालू? मी त्याच्याकडं फिरकत पन नाय," भामा म्हणाली.

मग शशिकलाने वही केली. शाळा सांभाळून जमेल तेव्हा ती वेळ आणि पाण्याची उंची लिहू लागली. पाणी दिवसातून दोनदा चढायचं आणि दोनदा उतरायचं. रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा. आठवड्याने तिने सगळी पानं पुन्हा पहिल्यापासून वाचली. हे वेळापत्रक ती दर वर्षी आठवीच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवायची. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. खारट होतं.

भामाचा नवरा खाडीत जाळं लावायचा. शशिकलाने तिला सहज विचारल्यासारखं करून भरतीची वेळ विचारली.

"आता? आता सुकती लागली असंल, पानी उतरत असंल," भामा आकाशाकडे न बघताच म्हणाली.

टब काठोकाठ भरलेला होता.

म्हणजे खाडीशी याचा संबंध नव्हता. त्या विचाराने शशिकलाला जरा हायसं वाटलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुशांतचं पत्र आलं. बोट बोर्निओच्या एका नदीत लाकूड भरत होती. 'इथे सगळं भरतीवर चालतं. एकोणीस तारखेला सकाळी सव्वाअकराला पूर्ण भरती आली, तेव्हा कुठे आम्ही धक्क्याला लागलो. आमच्या ड्रॅगनसाहेबांनी बुडी मारली का?' शशिकलाने तिकडच्या घड्याळातून अडीच तास वजा केले. मग वही काढली. एकोणीस जानेवारी, पावणेनऊ. पुढे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: काठोकाठ.

तिने वही मिटली आणि कपाटात कपड्यांखाली ठेवली.

सव्वीस फेब्रुवारीचा शनिवार होता. शाळा अर्धा दिवस. बाराला घरी आली तेव्हा गॅलरीच्या फरशीवर पाणी पसरलं होतं. टब भरून वाहत होता आणि पाण्यावर तेलाचा तवंग होता. सरडा अगदी वरच्या टोकाला, बल्बला चिकटल्यासारखा बसलेला.

शशिकला तशीच कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर धावली. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात तिने दोनदा फोन लावला. एक माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, बोट कालच निघाली. सगळं नॉर्मल आहे. तुम्हाला कोणी काही कळवलंय का?"

"नाही."

"मग?"

तिने फोन ठेवला. काय सांगणार होती ती त्याला?

घरी येऊन तिने मोरीतला मग उचलला आणि पाणी उपसायला लागली. आपण काय करतोय, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही. बादली भरली की मोरीत ओतायची, पुन्हा भरायची. पाणी खालून येतच होतं. टब उचलायला गेली तर जमिनीत पुरल्यासारखा तो हलेना. भामा आली, दारात उभी राहून बघत राहिली, मग पदर खोचून तिने दुसरी बादली घेतली.

दोन वाजले. तीन वाजले. शशिकलाच्या तळहाताची कातडी निघाली. पण पाणी उतरत होतं. साडेतीनला ते अर्ध्यावर आलं, सव्वाचारला तळाचे दगड उघडे पडले.

"बाई, आता बस," भामाने तिचं मनगट धरलं. "झालं की. टेक जरा."

शशिकला भिंतीला पाठ लावून बसली. तिने डोळे मिटले.

पाच मिनिटं. फार तर सात.

भामा किंचाळली म्हणून तिने डोळे उघडले.

टब काठोकाठ होता. सरडा फांदीवर नव्हता.

तिने पाण्यात मग घातला. भरून काढला. पुन्हा घातला. पाणी जिथल्या तिथे. ती उपसत राहिली, भामा उपसत राहिली, मोरी तुंबली, आणि टबातलं पाणी केसभरही हललं नाही.

साडेपाचच्या सुमारास ते आपोआप गेलं. खाली जाताना दिसलं नाही. फक्त नव्हतं.

कोरड्या टबात सरडा पडून होता. अंग ओलं, डोळे उघडे. जिवंत होता.

सोमवारी कंपनीचा माणूस घरी आला. तो तोंड उघडायच्या आत शशिकलाने त्याला बसायला सांगितलं.

एप्रिलमध्ये मोरा बंदरावरचा भगवान भेटायला आला. सुशांतच्या हाताखाली इंजिनरूममध्ये काम करायचा, वाचलेल्या नऊ जणांतला एक. खुर्चीच्या कडेवर बसून तो हातातली टोपी फिरवत होता.

"ताई, आमी वाचलो ते सुशांतसायबांमुळं. कमरंएवढं पानी झालं तवा सगल्यांना त्यांनी वर धाडलं. मंग काय झालं ठाव नाय, पानी उतराया लागलं. पंप तर बंद पडलेले. आमी म्हटलं, देवच पावला. तेवढ्या वेलात होड्या सुटल्या, मानसं बसली. सायेब पन वर आले व्हते."

शशिकलाने मान वर केली. "वर आला होता?"

"हां. माज्या बाजूलाच उबे व्हते. शिडीवरून खाली बघत व्हते." भगवानने आवाज खाली आणला. "मी कुनाला बोललो नाय. लोक येडा म्हनतील. पानी पार तलाला गेलं व्हतं, आनि खाली एक सरडा व्हता. मोटा, हिरवागार. वर आमच्याकडं बघत व्हता. मी म्हटलं, सायेब, चला. तर सायेब हसले. म्हनाले, हा ताईकडचा हाय, थांब, घेऊन येतो. आनि शिडी उतरले."

भगवानने टोपी गुडघ्यावर ठेवली.

गॅलरीचं दार लावलेलं होतं. त्याच्यापलीकडे, पिंजऱ्यात, काहीतरी अलगद पाण्यात उतरल्याचा आवाज झाला.

टब तिने मार्चमध्येच भंगारात दिला होता.