पैलवानाचं पाकीट

भिलाईतल्या सुपेला भागात, तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात मिताली सकाळपासून कोंडलेली होती. मोबाईल काढून घेतलेला, दाराची किल्ली मालक प्रशांत डोंगरेंच्या खिशात. पाच वाजता पोलीस येणार होते.

सुहासिनी किनखेडे चारला पोहोचल्या. भिलाईच्या कारखान्यात तीस वर्षं हजेरी घेता घेता लोकांच्या थापा ऐकलेली बाई. आता खाजगी तपास करत; प्रशांतनीच त्यांना बोलावलं होतं. मागे त्यांचे शेजारी धोंडबा, लांबट पाकिटानं वारा घेत.

"कोजागिरीचं निमंत्रण जी, मराठी स्नेहमंडळाचं," धोंडबा म्हणाले. "नाव पाहा, धोंडबा पैलवान."

धोंडबांचं वजन जेमतेम चाळीस किलो. "मंडळानं तुम्हाला पैलवान कधी केलं?" सुहासिनीबाईंनी विचारलं. धोंडबांनी घाईनं पाकीट खिशात घातलं.

प्रशांतनी प्रकरण सांगितलं. त्यांच्या ऑनलाइन खेळाचे एकोणीस हजार खेळाडू. त्यातल्या चारशे बारा जणांची नावं, फोन, पत्ते कालपासून मोबाईलवर फिरत होते. एका मुलीच्या दारात अनोळखी माणूस येऊन उभा राहिला होता. यादी निघाली रविवारी, अकरा चाळीसला, मितालीच्या कंप्यूटरवरून.

"मॅडमनं मले समोसे आणायले पाठवलं," मिताली म्हणाली. "कंप्यूटर चालूच राहिला. बाबाले काय सांगू मी?"

ही मॅडम, प्रशांतची बायको गीतांजली, तिच्यासाठी चहा घेऊन आली. "पी गं, उपाशी आहेस. बाई, लवकर आटपा, कोजागिरीचं सारं माझ्यावरच आहे."

रविवारी या दोघींखेरीज इथं एकच माणूस होता: तंत्रज्ञ आनंद. पगारावरून मालकाशी त्याचं बिनसलेलं.

"मी चोरली असती तर पासवर्डही नेले असते," तो सरळ म्हणाला. "शेजारच्याच रकान्यात होते. नुसते पत्ते कोण नेते?"

सुहासिनीबाईंनी फिरणारी यादी मागवली. बोबडे, डहाके, वानखेडे... बोट खाली सरकत गेलं आणि एका नावावर थांबलं.

"धोंडबा, हा खेळ तुम्ही खेळता."

धोंडबा ओशाळले. "नातीनं मोबाईलात टाकून देला जी. नाव मागितलं तं पैलवान लिहिलं. दुसरीकडं कुठंच नाही."

"म्हणजे मंडळाला हा पैलवान या यादीतूनच मिळाला. आणि पाहा, चारशे बारा नावांत साहू नाही, वर्मा नाही, रेड्डी नाही. छत्तीसगडातल्या भिलाईत सगळी आडनावं मराठीच. चोर आडनावं निवडत बसत नाही. निमंत्रण देणारा बसतो, त्याला पत्ते पुरतात. मितालीला खाली पाठवलं कोणी? कोजागिरी कोणाच्या अंगावर आहे?"

सगळ्यांनी गीतांजलीकडे पाहिलं.

"आपले लोक जमावे, एवढंच होतं," ती म्हणाली. "पाकिटं लिहायले यादी मंडळाच्या ग्रुपवर टाकली. पुढं कोणी धाडली, मले नाही माहीत."

"आपल्यामुळे झालं, हे कधी कळलं?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"सकाळी." तिनं मितालीचा हात धरला. "तुले सोडवणारच होती गं मी."

"कधी?" मितालीनं विचारलं.

पाचला दहा कमी होते. प्रशांतनी दार उघडलं. "आता पोलीस कशाले? घरातलीच गोष्ट आहे. जा बेटा, घरी जा."

सकाळपासून मिताली याच दाराकडे बघत होती. तिनं गीतांजलीच्या हातातून हात सोडवला आणि त्याच खुर्चीवर परत बसली.

"येऊ द्या त्यांना," ती म्हणाली. "मी थांबते."