वळणावरची वाळू

उपसा केंद्रात सकाळचा चहा आला, तरी रेवती कोलते पडद्यासमोरून हलली नाही. पडद्यावर शहराखालून जाणारी दाबवाहिनी दिसत होती. सखल वस्त्यांचं सांडपाणी पंपाच्या जोरावर टेकडीपलीकडे शुद्धीकरणाला नेणारा तो बिडाचा मोठा पाइप. गेल्या वर्षी त्याला बाहेरून काचतंतू गुंडाळला होता. पाण्याबरोबर वाहणारे कण आतून भिंतीवर आपटले की त्यांची थरथर तंतू टिपायचा आणि त्यावरून संगणक भिंतीची झीज सांगायचा. केंद्रातली माणसं त्याला 'कान' म्हणत.

भाजीबाजाराखालच्या वळणावर आज कान लाल झाला होता, म्हणजे भिंत फुटायच्या बेतात होती.

"परवा तर पिवळा होता, मॅडम," पंपचालक हनीफभाई मुजावर म्हणाले. "आणि वाळू काय, पहिल्यापासून येतेच की."

"ही वेगळी आहे." रेवतीने गाळाचा नमुना भिंगाखाली सरकवला. "नदीतला वाळूउपसा बंद झाल्यापासून सगळी बांधकामं दगड दळून केलेल्या वाळूवर चालतात, आणि तीच धुपून गटारात येते. नदीची वाळू घासून गोल झालेली असायची. हिच्या कडा बघा, फुटक्या काचेसारख्या. वळणावर पाणी वळतं, पण हे कण सरळ जाऊन भिंत तासतात."

"मग पंप बंद करू?"

"एकदम नको. धावतं पाणी अचानक थांबलं की दाबाचा हिसका बसतो. तेवढ्यानेच पाइप फुटेल. वेग हळूहळू उतरवावा लागेल."

"पण मग मळेवाडीत पाणी चढेल. सगळ्यात सखल वस्ती ती."

मळेवाडीत रेवतीची धाकटी बहीण नयना राहत होती, तळमजल्यावर, दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन.

तिने शहर अभियंता दळवींना फोन लावला. बाजार रिकामा करायला पोलीस पाठवतो म्हणाले, पण पंपाचं ऐकून ते बिथरले. "यंत्र सांगतंय म्हणून लोकांच्या घरात मैला सोडायचा? आधी खात्री करा."

"खात्री फुटल्यावरच होईल, साहेब. वर माणसं उभी आहेत."

शेवटी दळवी म्हणाले, "करा. पण मळेवाडीला आधी कळवा."

भोंग्यावरून सूचना गेली. रेवतीने बहिणीला स्वतः फोन केला. "नयना, बाळाला घेऊन वरच्या मजल्यावर जा. पाणी येईल."

"कसलं पाणी, ताई?"

"गटाराचं."

"तू सोडते आहेस?"

"हो."

फोन बंद झाला. हनीफभाईंनी पंपाचा वेग एकेक टप्पा खाली आणायला सुरुवात केली. रेवती खुर्चीत बसायची, लगेच उठायची, खिडकीपाशी जाऊन परत यायची. दाबाचा आकडा उतरत होता आणि मळेवाडीचं सांडपाणी जमा होणाऱ्या विहिरीची पातळी चढत होती. दोन्हीकडे एकदम बघणं तिला जमेना. पंप थांबला तेव्हा हनीफभाईंनी नुसती मान हलवली. पाइप टिकला होता.

दुपारी वळण खणून उघडं केलं. आजूबाजूची माती ओलसर होती. पाइपात कॅमेरा सोडून पाहिलं, तर आतलं सिमेंटचं अस्तर कधीच गेलं होतं. रेवतीने खड्ड्यात उतरून वळणाच्या बाहेरच्या अंगाला बोटाने टिचकी मारली. तेलाचा रिकामा डबा वाजावा तसा आवाज आला; भिंत पत्र्याएवढीच उरली होती. दळवी काठावर उभे होते. ते मागे वळले.

संध्याकाळी ती मळेवाडीत गेली. टँकरांनी उपसा केल्यावर नयनाच्या घरात पाणी ओसरलं होतं, पण भिंतीवर गुडघ्याएवढी काळी रेघ होती. गादी दारात टाकलेली. बाळ वर शेजाऱ्यांकडे झोपलं होतं. रेवतीने चपला काढून खराटा उचलला. नयनाने तो तिच्या हातातून घेतला नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. दोघी फरशी धूत राहिल्या.

"बाजारात कुणाला लागलं?" बऱ्याच वेळाने नयनाने विचारलं.

"नाही."

नयनाने बादली तिच्याकडे सरकवली. तेवढ्यात रेवतीचा फोन वाजला. शेजारच्या शहरातला अभियंता होता, ओळखीचा नव्हता.

"मॅडम, दळवी साहेबांनी पाठवलेले तुमच्या वळणाचे फोटो पाहिले. आमच्याकडेही तीच वाळू, तोच पाइप. पण तुम्ही म्हणता तो कान नाही. सारं शहर त्या पाइपावर उभं आहे. मी खणायला कुठून सुरुवात करू?"