जादा एकतीस पौंड

खोटं लिहिलंत तुम्ही. नोंदणी कचेरीत बसून, भंगारात काढलेल्या त्या गाडीच्या कागदावर 'अपघाताच्या वेळी चालकाशिवाय आत कोणी नव्हतं' असं लिहून वर शिक्का मारलात. त्या शिक्क्याच्या भरवशावर रोडेल मकाराएगने हातात पाना घेतला.

स्टॉक्टन शहरातल्या त्याच्या दारात मार्चपासून एक दुसरी सेडान उभी होती. स्प्रिंगा बदलून जमिनीलगत आणलेली, मुलीसाठी. तालाला जूनमध्ये लायसन्स मिळणार होतं. वळणावर गाडीचं मागचं अंग झोपायचं, म्हणून मागच्या दोन्ही चाकांना एकमेकांशी जखडणारा पोलादी स्वे बार बसवायचा होता. धाकट्या भावाने, आर्नेलने, भंगारवाड्यातल्या तसल्याच एका गाडीचा जाडजूड बार काढून आणला. सोबत तुमचा कागद.

रोडेलची पद्धत पक्की. चाकं लोंबकळत असताना नट आवळायचे नाहीत, बार पिळलेला राहतो. गाडी चाकांवर उभी करायची, चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाइतक्या तांदळाच्या गोण्या ठेवायच्या, मग आवळायचं. आधी आणि नंतर चारही चाकांखाली वजनकाटे.

"गोण्यांना सीटबेल्ट लावू का, दादा?"

"लाव. तुझ्यापेक्षा शहाण्या आहेत. बडबड तरी करत नाहीत."

बार नऊ पौंडांचा. गाडी चाळीस पौंडांनी वाढली.

जादा एकतीस पौंड, सगळे डाव्या मागच्या चाकावर.

"काटा बिघडला असेल," आर्नेल म्हणाला. त्याने काटे अदलून बदलून पाहिले. आकडा हलला नाही.

"बार वजन इकडचं तिकडे ढकलतो, आर्नेल. नवं जन्माला घालत नाही."

रोडेलने बार उतरवला. नऊ पौंड गेले. एकतीस राहिले. डिकी रिकामी केली, स्टेपनी काढली, गालिचा काढला, त्या सगळ्यांचं वजन वजा करूनही एकतीस उरले. बार परत बसवला.

मेअखेर साडेएकतीस झाले. जूनमध्ये बत्तीस. ताला लहान असताना दवाखान्यातला तिच्या वजनाचा तक्ता याच चालीने वर सरकायचा.

एका धुक्याच्या सकाळी त्याने मागच्या सीटवर हात फिरवला. उजवीकडे गार. मध्ये गार. डावीकडे कोमट.

त्याने आर्नेलला कॉलर धरून गाडीशी आणलं. "त्या गाडीत काय होतं?"

"सोड. सांगतो." आर्नेल खाली बघत होता. "मागचं सीट काढल्याशिवाय बोल्ट हाती येत नव्हते. त्यावर लहान मुलाची खुर्ची बांधलेली होती. डाव्या बाजूला. पट्टा कापलेला."

"आणि तू बोलला नाहीस?"

"कागदावर शिक्का होता ना! आत कोणी नव्हतं म्हणे."

"मी तुझा भाऊ आहे, शिक्का नव्हे."

"सांगितलं असतं तर तू बसवला नसतास, दादा."

रोडेलने त्याला दारातून हाकललं. पण गाडीचं काय करायचं, ते त्याला सुचेना.

शनिवारी सकाळी तालाच कंटाळली. "बाबा, किती महिने मोजणार? गोण्या काढा. मीच बसते."

ती चालकाच्या सीटवर बसली. रोडेलने आकडे पाहिले. डावं मागचं चाक अगदी बरोबर.

"आलं ना बरोबर? द्या चावी!"

रोडेलने डावं पुढचं पाहिलं. तिचं वजन होतं. त्याशिवाय बत्तीस पौंड होते.

"ताला, खाली उतर."

"थांबा ना, मांडीला मुंग्या आल्यात."

"उतर म्हणतो ना!"

ती उतरली. त्याने पुन्हा बेरीज केली. गाडीचं आणि बारचं वजन. त्यावर अर्धा पौंडसुद्धा जास्त नव्हता.

ताला घराकडे निघाली. कंबर एका बाजूला काढून, सावकाश.

तुमच्या खिडकीवर रोडेल तीनदा येऊन गेला. तीनदा तुम्ही त्याला तोच कागद दाखवलात. आता कागद नको. ते लेकरू कोणाचं? त्याला कोणत्या नावाने हाक मारून परत बोलवायचं? उत्तर द्या.